कुरणातील शाळा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. शहापुरात माहुलीचे सुळके आभाळात शिरलेले दिसतात. ह्याच भागातील तानसा, वैतरणा आणि भातसा ह्या नद्यांचे अडवलेले पाणी मुंबईपर्यंत जाते. मुरबाडच्या बाजूस सिद्धगडाचा डोंगर आहे, माळशेज आणि नाणेघाट ह्या जुन्या घाटवाटा आहेत. डोंगरउतारांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली ह्या लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळा सुरू झाला की घरातील मोठी माणसे भातलावणीस जुंपली जातात. मग धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहिणीकडे येते आणि गुरे राखण्याचे काम भावाकडे. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेले आहे.

गुरे माळावर चरत असतात तेव्हा गुराखी पोर नुसते बसून राहत नाही. वारुळाची चिकट माती भिजवून ते बैल करते. आंब्याची कोय दगडावर घासून पिपाणी करते. पळसाची पाने बांबूच्या बारीक चोयांनी टाचून द्रोण लावते. कोयत्याने लाकूड तासून भोवरा घडवते. ओढ्याला पाणी आले की दगडमातीचा बांध घालून लहानसा पाट काढते. ह्यांपैकी काहीही त्याला कोणी शिकवण्यास बसलेले नसते. मोठ्या मुलाचे पाहून लहान मूल करते, चुकते, मोडते आणि पुन्हा करते. परंतु हेच मूल शाळेच्या दारात आले की उनाड आणि मठ्ठ ठरत असे. त्याच्या बोटांतील कसब गुरुजींच्या हजेरीपटात कोठेच नोंदले जात नसे.

ह्या कसबाकडे शिक्षणाचा आरंभ म्हणून ज्यांनी पाहिले, त्यांत ताराबाई मोडक ह्यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचे कार्य शहापूर-मुरबाडपासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे झाले. डहाणू तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला, तेव्हा तो त्यात गेला. समुद्राकडचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख दिसण्यात वेगळे असले, तरी गुराख्याचे बालपण दोन्हीकडे सारखेच होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. विधवेशी विवाह करणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे, असा तो काळ होता. सदाशिवरावांनी तो रोष पत्करून उमाबाईंशी विवाह केला होता. अशा घरात वाढलेल्या मुलीला शिक्षणाची वाट मोकळी मिळाली, ह्यात नवल नाही. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढील वर्षी कृष्णराव मोडक ह्या वकिलांशी त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडात अमरावतीस राहू लागल्या. परंतु हे वैवाहिक जीवन सुखाचे झाले नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलीला बरोबर घेऊन, त्या राजकोटला गेल्या. तेथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. पगार चांगला होता, मान होता, घर होते. एकट्या स्त्रीने संसाराची एवढी घडी बसवली म्हणजे पुष्कळ झाले, असे कोणालाही वाटले असते.

तरीही १९२३ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. भावनगर येथे दक्षिणामूर्ती ह्या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ एक बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे ह्याचा विचार करता करता ते अशिलांना विसरले आणि मुलांचे झाले. गुजरातेत लोक त्यांना मायेने मिशीवाली आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात मुलांना मारणे नव्हते, धाक नव्हता, घोकंपट्टी नव्हती. मुले आपापल्या जागी काहीतरी हाताळत बसलेली असत आणि शिक्षक त्यांच्याकडे पाहत असत. ताराबाई तेथे जाऊन राहिल्या आणि पुढील सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ह्या संघाच्या शिक्षणपत्रिका ह्या मासिकाची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालवली.

गिजुभाईंच्या पद्धतीचा पाया इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांच्या विचारांवर होता. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहराच्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. लहान मूल ऐकून शिकते त्याहून अधिक ते हाताने शिकते, हे त्यांनी नीट निरीक्षण करून दाखवले. त्यासाठी त्यांनी निरनिराळी साधने बनवून घेतली. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणारे दहा लाकडी ठोकळे, ठरावीक भोकांतच बसणाऱ्या गट्ट्या, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, अशी ती साधने होती. मूल ठोकळ्यांवर ठोकळे रचते. एखादा चुकला की मनोरा बेढब दिसतो. मग कोणी न रागावता मूल आपली चूक आपणच सुधारते. ह्यातील मर्म चूक सांगण्याच्या रीतीत आहे. ती शिक्षकाने सांगायची नसून वस्तूनेच सांगायची असते.

ही साधने अतिशय काटेकोर करावी लागत, म्हणून ती महाग होती. शहरातील सुखवस्तू पालकांना ती परवडत. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले, तेव्हा तेथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतील होती. काम उत्तम चालले, नाव झाले, शिक्षिका तयार होऊ लागल्या. परंतु ज्या देशातील बहुतेक मुले खेड्यांत राहतात, तेथे बालशिक्षण हे शहरातील मूठभर मुलांचे कौतुक होऊन राहणार, ही बोच त्यांच्या मनात होती. १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना देशापुढे मांडली. १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत त्या योजनेत सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचाही विचार आला. खेड्यातील लहान मुलांना, तेही अगदी कमी खर्चात, शिकवता येईल काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता. त्याच वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादरचे नीट बसलेले काम इतरांवर सोपवले आणि त्या बोर्डीस राहावयास गेल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. ताडामाडांच्या रांगा, चिकूच्या वाड्या, लांबवर पसरलेली वाळू. गावात चांगली शाळा होती आणि आचार्य भिसे ह्यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक तेथे होते. परंतु गावाबाहेर वारल्यांच्या पाड्यांवर निराळेच जग होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली त्या कर्जापायी वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, धन्याकडे राबत असे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ह्या वेठीविरुद्ध मोठा लढा उभारला. ताराबाईंचा मार्ग निराळा होता. परंतु त्या बोर्डीस आल्या तेव्हा भोवतालचा माणूस कोणत्या अवस्थेत होता, हे ह्यावरून ध्यानात येते. ज्या घरात दोन वेळच्या पेजेची भ्रांत, तेथे चार वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवा, असे म्हणणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, ह्याची कल्पना करावी.

ताराबाईंच्या ह्या कार्यात त्यांना एक सहकारी लाभल्या. त्यांचे नाव अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे त्यांनी जिद्दीने शिक्षण घेतले, शिक्षिकेची नोकरी केली आणि ग्रामसेवेची ओढ लागल्यामुळे १९४५ मध्ये त्या ताराबाईंकडे आल्या. वयाने अठरा वर्षांचे अंतर असलेल्या ह्या दोघी पुढे अठ्ठावीस वर्षे एकत्र राहिल्या व एकत्र राबल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, परंतु हरिजनवस्तीतील आणि पाड्यांवरील मुले तेथे येईनात. कोणाला अंगावर कपडा नव्हता, कोणाला गावातील मुलांबरोबर बसण्याचा संकोच होता, कोणाच्या कडेवर भावंड होते. दुसरा कोणी असता तर त्याने लोकांच्या अज्ञानाला दोष दिला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. सारवलेल्या अंगणात, झाडाच्या सावलीत, शिक्षिका जाऊन बसू लागल्या. आधी मुलांची नखे काढायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची आणि मग गाणे, गोष्ट, खेळ. अंगणात भरते म्हणून ह्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव मिळाले.

आता साधनांचा प्रश्न उभा राहिला. अंगणात लाकडी ठोकळे आणि रंगांच्या पट्ट्या कोठून आणायच्या? आणि आणल्या तरी, ज्या मुलाने आयुष्यात तशी वस्तू पाहिली नाही, त्याला ती आपली वाटणार काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ताराबाई आणि अनुताई ह्यांना मुलांच्या हातातच सापडले. मुले ज्या वस्तूंशी रोज खेळत होती, त्याच वस्तू शिक्षणाची साधने झाल्या. शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने, फुले, पिसे, काड्या, माती, असे जे जे परिसरात फुकट मिळते ते ते बालवाडीत आले. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, त्यांचे सुतारकाम मात्र सोडले.

ही अदलाबदल पैशाच्या टंचाईमुळे केलेली तडजोड होती, असे मात्र कोणी समजू नये. विचार केला तर ही साधने कित्येक बाबतींत विकतच्या साधनांहून सरस ठरतात. लाकडी ठोकळे दहाच असतात. समुद्रकाठचे शिंपले मात्र हजार असतात आणि त्यांतील एक दुसऱ्यासारखा नसतो. लहानापासून मोठ्यापर्यंत शिंपल्यांची ओळ लावताना मुलाला प्रत्येक वेळी नव्याने पारख करावी लागते. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग घालताना संख्या बोटांखालून जाते. पळसाला पाने तीनच, ही म्हण मोठ्या माणसांच्या तोंडी सहज असते. परंतु पळसाची पाच पाने तोडून त्यांची पंधरा दले मांडणारे मूल तिचा पाढा करून टाकते. आंबा, जांभूळ, साग, कुडा ह्यांची पाने डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने ओळखणे हा तर रानातील मुलांचा हातखंडा. त्याच खेळातून गुळगुळीत व खरखरीत, जाड व पातळ, लांबट व गोल हे शब्द मुलाच्या जिभेवर येतात.

हाताने वस्तू घडवण्यात तर ह्याहून अधिक काही आहे. मातीचा बैल करणाऱ्या मुलाला लवकरच कळते की मातीत खडे राहिले तर पाय मोडतो, पाणी जास्त झाले तर बैल बसतो आणि कडक उन्हात वाळवला तर त्याला भेगा पडतात. सावलीत, हळूहळू वाळवलेला बैलच टिकतो. भोवऱ्याची आर मधोमध ठोकली गेली नाही तर भोवरा थरथरतो व लवकर निजतो. बांबूची नळी लांब घेतली तर सूर खाली जातो आणि आखूड घेतली तर चढतो. इरले विणताना एक कामटी चुकीच्या बाजूने गेली तर पुढची सगळी वीण बिघडते व मागे जाऊन ती उसवावी लागते. ह्या गोष्टी पाठ करून येत नाहीत आणि कोणी रागावल्यानेही येत नाहीत. माती, लाकूड आणि बांबू हे फार निःपक्षपाती शिक्षक आहेत. ते वशिला मानत नाहीत, तसाच आकसही धरत नाहीत.

वारल्यांच्या घरात हाताच्या कलेला तोटा नव्हताच. लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची त्यांची रीत आहे. बांबूची काडी एका टोकाला चेचली की तिचा कुंचला होतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान ह्यांपासून तारपा हे वाद्य तयार होते व त्याच्या सुरावर सारा पाडा फेर धरून नाचतो. ज्या घरातील माणसे एवढे करतात, त्या घरातील मूल मठ्ठ कसे असेल? दोष मुलात नव्हता. मुलाला येत असलेले सोडून त्याला न येणारे तेवढेच विचारणाऱ्या शाळेत तो दोष होता.

येथे एका गोष्टीचा उलगडा करणे अवश्य आहे. माळावर बैल करीत बसलेले मूल आपोआप शिकून मोठे होते, असा ताराबाईंचा दावा नव्हता. तसे असते तर पिढ्यान् पिढ्या गुरे राखणाऱ्या मुलांना सावकाराचा कागद वाचता आला असता आणि कर्जापायी जन्म गहाण पडला नसता. हाताला जे कळते ते तोंडाने सांगता यावे, सांगितलेले मोजता यावे आणि मोजलेले लिहिता यावे, ह्यासाठी शेजारी एक जाणते माणूस बसावे लागते. ते माणूस म्हणजे शिक्षिका. तिने मुलाच्या हातातील काम काढून घ्यायचे नाही, घाई करायची नाही. तिने पाहायचे, नेमक्या वेळी एक शब्द पुरवायचा, एक प्रश्न विचारायचा. तुझ्या बैलाचे शिंग कोणत्या बाजूला वळले आहे? ह्या टोपलीत किती गारगोट्या मावतील? असे लहान लहान प्रश्न विचारता विचारता मूल मातीवरून अंकावर आणि रेघेवरून अक्षरावर येते. ओल्या मातीच्या वळ्यांनी अक्षर घडवणारे मूल पाटीवर ते काढण्यास बिचकत नाही.

गांधीजींच्या हस्तोद्योग शिक्षणाशी ह्या विचाराचे नाते जवळचे होते, तरी दोन्ही एक नव्हेत. वर्ध्याच्या योजनेत सात वर्षांपुढील मूल सूत कातते, शेती करते आणि त्याच्या श्रमातून काही उपयोगी माल निर्माण होतो. ताराबाईंची मुले अडीच ते सहा वर्षांची. त्यांनी केलेला मातीचा बैल बाजारात जाणार नसतो. कदाचित संध्याकाळी तो मोडून त्याच मातीचा उद्या नांगर होणार असतो. ह्या वयात वस्तूपेक्षा वस्तू करणारे बोट महत्त्वाचे, असे त्या मानत. शहरांतील काही पालक आजही मुलाने घरी काय करून आणले हे पाहून शाळेची किंमत करतात व त्यासाठी रंगीत वेष्टनातील माती विकत घेतात. पाड्यावरील मुलाला हा खर्च कधी पडला नाही.

१९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई ह्यांनी आपले काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलवले. ही जागा अधिक आत, आदिवासी पाड्यांच्या मधोमध आहे. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. येथे त्यांच्यापुढे गुराख्यांचा प्रश्न उभा राहिला. तीन-चार वर्षांची मुले अंगणात सापडत, परंतु सात-आठ वर्षांचे मूल पहाटेच गुरे घेऊन रानात गेलेले असे. गुरे सोडून त्याला शाळेत बोलावणे म्हणजे त्याच्या घरच्या भाकरीवर पाय देणे होते. आईबाप नकार देत, आणि त्यांचे चुकत नव्हते. अंगणवाडीच्या वेळी जो मार्ग सापडला तोच पुन्हा उपयोगी पडला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षक गुराख्यांबरोबर कुरणात जाऊ लागले. गुरे चरत, आणि झाडाखाली मुलांचे शिक्षण चाले. ह्या शाळेला कुरणशाळा म्हणत. तेथे भिंत नव्हती, घंटा नव्हती आणि फळ्याची जागा पुष्कळदा जमिनीने घेतली.

कुरणशाळेत निसर्ग हा निराळा विषय शिकवण्याची गरज पडली नाही. कोणते गवत गाय खाते व कोणते टाकते, कोणता पक्षी केव्हा घरटे बांधतो, पाऊस येण्यापूर्वी मुंग्या काय करतात, हे मुलांना शिक्षकांहून अधिक ठाऊक असे. अशा वेळी शिक्षकाने विद्यार्थी व्हावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याने कुरणात जाऊ नये.

बहिणींचा प्रश्न राहिला होता. कडेवरच्या बाळामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेस मुकत. कोसबाडला एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, लहानग्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी रचना करण्यात आली. तिला विकासवाडी असे नाव दिले. बहीण आपले भावंड पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू लागली. सहज सुचण्यासारखी ही युक्ती, परंतु ती सुचण्यासाठी आधी त्या मुलीकडे कोणीतरी पाहावे लागले.

हे सारे सुरळीत घडले असे समजण्याचे कारण नाही. लावणीच्या दिवसांत मुले नाहीशी होत. पावसाळा संपला की कित्येक कुटुंबे गवतकापणीस किंवा इतर मजुरीस दूर निघून जात व मुलेही त्यांच्याबरोबर जात. परत येईतो अर्धे शिकलेले पुसून गेलेले असे. शिक्षिकांना पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे. शहापूर-मुरबाड भागातील अनेक कातकरी कुटुंबे आजही विटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणात हाच खंड पडतो. मोठ्यांच्या पोटाचा प्रश्न सुटल्यावाचून मुलांच्या शाळेचा प्रश्न पुरता सुटत नाही, ही गोष्ट कोसबाडच्या टेकडीवरूनही दिसत होतीच. ताराबाईंच्या कार्याची ही उणीव नव्हे. त्यांनी हाती घेतलेल्या कामाची ती सीमा होती, आणि त्या सीमेपर्यंत त्या पायी चालत गेल्या.

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरव केला. परंतु टेकडीवरील त्यांच्या राहणीत त्याने काही फरक पडला नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी व शिक्षणासाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आरंभी ती देशातील ३३ ठिकाणी होती. ह्या योजनेच्या गावोगावच्या केंद्राला जे नाव मिळाले, ते अंगणवाडी हेच. बोर्डीच्या सारवलेल्या अंगणात रुजलेला हा मराठी शब्द आता देशभर बोलला जातो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरही अंगणवाड्या आहेत आणि तेथील मुले चिंचोके मोजतात.

कोसबाडचे काम अनुताई वाघ ह्यांनी पुढे चालवले. त्या काळातील आठवणी त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून ह्या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढील सत्तेचाळीस वर्षे त्यांनी वारल्यांच्या मुलांतच काढली.